मावा मेला, ढालकिडेही मेले

कडुनिंबाने मावा तासाभरात मरत नाही. वालाच्या नाहीतर घेवड्याच्या वेलापाशी हातात पंप घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे, म्हणून सुरुवातीलाच सांगितलेले बरे. ‘शुद्ध नीम, १०० टक्के सेंद्रिय’ असे छापलेले औषध संध्याकाळी मारले आणि दिवेलागणीपर्यंत वेलाखालची फरशी मेलेल्या माव्याने काळी पडली, तर त्या बाटलीत कडुनिंबाखेरीज आणखी काहीतरी असते. प्रस्तुत लेखिकेच्या पुण्यातल्या गच्चीवर गेल्या थंडीत हेच झाले, आणि ज्याने ती बाटली विकली त्याला आजही त्यात काही वावगे वाटत नाही.

कडुनिंब नेमके काय करतो, हे नवे ज्ञान नाही. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोळधाडीच्या वेळी उभ्या पिकावर निंबोळीच्या बीमधल्या मगजाचे पातळ पाणी फवारले. टोळ पिकावर उतरले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. कडुनिंबाचा मुख्य गुण हाच आहे. त्यातल्या अझाडिरॅक्टिनमुळे किडीची खाण्याची वासना जाते, पिल्लांना कात टाकता येत नाही, वाढ खुंटते. संख्या उतरायला काही दिवस जातात. शिवाय हा घटक उन्हात लवकर बिघडतो, म्हणून फवारणी संध्याकाळीच करायची. ज्याला आज फवारून आजच निकाल हवा, त्याला कडुनिंब आवडणार नाही. आणि नेमक्या याच घाईवर काही जणांचा धंदा चालतो.

ती बाटली एका बागकाम प्रदर्शनातल्या स्टॉलवरची. लेबलवर हिरवे पान, एक गाय आणि ‘घरच्या भाजीसाठी सुरक्षित’ ही ओळ. घटक कुठेही छापलेले नव्हते. लेखिकेने ते विचारले. उत्तर मिळाले, “ताई, सगळं आयुर्वेदिक आहे. घटक छापले तर उद्या बाजूचा स्टॉल तेच विकायला लागेल.” दुसरा प्रश्न मावा खाणाऱ्या ढालकिड्यांचा होता, कारण तेव्हा वेलावर ढालकिड्यांच्या अळ्या दिसू लागल्या होत्या. “मित्रकीटकांना हातही लावत नाही. सेंद्रिय आहे ना!” हे त्याचे शब्द. बिल मागितल्यावर म्हणाला, “बिलाचं पुस्तक संपलंय, पण आम्ही कुठं पळून जाणार आहोत?”

मार्गशीर्षात आभाळ आले की वालावर मावा पडतो, हे वाल लावणाऱ्या कोणाला सांगायला नको. काळा चकचकीत मावा आधी कोवळ्या शेंड्याला धरतो, मग फुलांच्या तुऱ्यांना, मग शेंगांच्या देठांना. आपल्याकडच्या हवेत याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्ले टाकतात आणि आठवड्याभरात ती पिल्लेही व्यायला लागतात. त्यामुळे सोमवारी बोटभर दिसणारा मावा पुढच्या सोमवारी हातभर झालेला असतो. माणूस घाबरतो. पण त्याच सुमारास, थोडे मागून, मावा खाणारेही येऊन पोचतात. आधी मावा वाढणार आणि मग खाणारे वाढणार, यात जो आठ-दहा दिवसांचा उशीर असतो तेवढाच सोसायचा असतो.

हे खाणारे ओळखता मात्र आले पाहिजेत. लाल-नारिंगी पाठीवर काळ्या खुणांचा ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो, त्याची अळी फारशी कोणाला माहीत नसते. ती लांबट, काळपट, अंगावर बारीक काटे आणि नारिंगी पट्टे असलेली, सुसरीसारखी दिसते. पहिल्यांदा पाहणारा तिलाच कीड समजून चिरडतो. पानाच्या मागच्या बाजूला उभी रचून ठेवल्यासारखी पिवळी अंडी दिसली तर तीही याचीच. सिरफिड माशीची अळी हिरवट, बिनपायाची, शेंड्याला चिकटलेली असते आणि माव्यात तोंड खुपसून पडलेली सापडते. क्रायसोपा या आणखी एका मित्रकीटकाची अंडी केसासारख्या बारीक दांडीच्या टोकावर असतात. आणि माव्याच्या गर्दीत काही मावे फुगून, कडक, तपकिरी मण्यांसारखे झालेले दिसले तर समजावे की एका अगदी बारीक गांधीलमाशीने त्यांच्या पोटात अंडी घातली आहेत. त्या मण्याला एक गोल भोक पडले असेल तर नवी माशी बाहेर पडून कामाला लागलेली आहे. असा फुगलेल्या माव्यांचा शेंडा कधीही खुडून टाकू नये.

लेखिकेच्या वेलावर यातले बहुतेक सगळे होते.

फवारणीनंतरची सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. फरशीवर मावा पडला होता, तो पडायलाच हवा होता. पण त्या काळ्या थरात मधूनमधून ढालकिड्यांच्या अळ्या होत्या, पाठीवर पडलेल्या, सहाही पाय आत ओढून घेतलेल्या. दोन-तीन अळ्या अजून वळवळत होत्या, मागचा भाग फरशीला टेकवून पुढचा उचलायला बघत होत्या आणि पुन्हा कलंडत होत्या. कुंडीच्या कडेला एक फुलोरी मधमाशी होती. तिची सोंड बाहेर आलेली आणि पंख पसरलेले. वालाच्या जांभळ्या तुऱ्यावर दुसरी तशीच अडकून राहिली होती. पाने उलटली तर कोषही सुरकुतलेले. कडुनिंबाने पूर्ण वाढलेल्या मधमाशीला असे रातोरात आडवे केलेले लेखिकेने कधी पाहिले नव्हते, आणि वर्षानुवर्षे निंबोळी अर्क मारणाऱ्या ओळखीतल्या एकाही शेतकऱ्याने पाहिलेले नाही. त्या क्षणी कळले की मावा खाणारी सगळी फौजच एका झाकणभर पाण्यात संपवली गेली आहे, आणि तीही विचारून, खात्री करून घेतल्यावर.

विक्रेत्याला फोन केला. त्याची पहिली प्रतिक्रिया होती, “ताई, मावा मेला ना? मग तक्रार कसली?” मग म्हणाला, प्रमाण चुकले असेल. बाटलीवर छापलेलेच प्रमाण होते, झाकणाला एक लिटर पाणी. मग म्हणाला, मधमाश्या हल्ली मोबाइल टॉवरमुळे मरतात. शेवटी विचारले, या वेलाच्या शेंगा किती दिवसांनी खाव्यात? तो म्हणाला, “धुऊन घ्या, झालं.” यानंतर फोन उचललाच गेला नाही.

‘धुऊन घ्या’ या सल्ल्याचा राग सर्वांत जास्त आहे. काही कीटकनाशके आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती पानातून रसात जातात आणि झाडभर पसरतात. ती धुऊन निघत नाहीत. म्हणूनच नोंदणीकृत औषधाबरोबर मिळणाऱ्या माहितीपत्रकात फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते प्रत्येक पिकासाठी लिहिलेले असते. बाटलीत काय आहे हेच माहीत नसेल तर हे दिवस मोजायचे कशावरून? घरातल्या लहान मुलांना त्या शेंगा देण्याची हिंमत होईना. भरात आलेला वेल होता. सगळ्या शेंगा तोडून कचऱ्यात टाकल्या आणि भोगीच्या भाजीला पावटा मंडईतून आणावा लागला.

कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे. ‘कीड मारते’ असा दावा करून कोणतेही औषध विकायचे तर त्याची केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी लागते आणि विकणाऱ्याला परवाना लागतो. कडुनिंबाची औषधेही याला अपवाद नाहीत. अझाडिरॅक्टिन ३०० पीपीएम, १५०० पीपीएम, १०००० पीपीएम अशा ठरलेल्या तीव्रतेची नोंदणीकृत उत्पादने बाजारात आहेत. त्याच कायद्याच्या ३८व्या कलमात स्वतःच्या परसबागेत औषध वापरणाऱ्याला मात्र कायद्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे घरी फवारणाऱ्यावर कोणाची देखरेख नाही आणि त्याच्यासाठी कोणी उभेही नाही. त्याच्या हातात असते ते फक्त लेबल. म्हणून ते नीट वाचायचे: सक्रिय घटकाचे नाव आणि टक्केवारी, नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, विषबाधेवरचा उपाय, आणि रंगीत त्रिकोण. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. यातले काहीच नसलेली आणि गाय छापलेली बाटली स्टॉलवरच ठेवून यावी. नुसते कडुनिंबाचे तेल तेल म्हणून मिळते, त्याची गोष्ट वेगळी.

पुढे जे झाले ते अधिक शिकवणारे आहे. मावा परत आला. कुठल्यातरी कोपऱ्यात दोन-चार माद्या वाचलेल्या असतात, शिवाय पंखवाला मावा वाऱ्यावर येतच असतो. फरक एवढाच की या वेळी त्याला खाणारे कोणी उरले नव्हते, त्यामुळे शेंडेच्या शेंडे झाकून गेले. माव्याच्या गोड चिकट्यावर काजळी चढली, पाने काळी पडली. ऊन वाढू लागल्यावर लाल कोळीही आला, जो आधीच्या कोणत्याही वर्षी त्या गच्चीवर त्रासदायक झाला नव्हता. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनंतर कोळी उसळतो, कारण कोळ्याला खाणारे भक्षक कोळी त्या औषधाने आधी मरतात, हे अनेक पिकांत नोंदले गेले आहे. त्या बाटलीत तेच होते का, हे सांगायला प्रयोगशाळेचा कागद हवा. पण घडले ते त्या वर्णनाबरहुकूम घडले.

हा प्रकार गच्चीपुरता नाही. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या पिठ्यासारख्या खवलेकिडीने उजाड होत आल्या होत्या, तेव्हा १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेल यांनी ऑस्ट्रेलियातून त्या किडीवर जगणारा व्हेडालिया नावाचा छोटा ढालकिडा पाठवला. थोड्याच काळात बागा सावरल्या. जैविक कीडनियंत्रणाच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण हमखास असते. पण १९४० च्या दशकात त्याच बागांत डीडीटी फवारायला सुरुवात झाली, ढालकिडे मेले, आणि अर्ध्या शतकापूर्वी आटोक्यात आलेली कीड पुन्हा उसळली. फवारणी आवरून ढालकिडे परत सोडल्यावरच ती हटली.

आता ज्यांच्या वेलावर या घडीला मावा आहे त्यांच्यासाठी.

सर्वांत आधी पाणी. औषधाआधी पाणी, आणि तेही नुसते शिंपडून नव्हे. सकाळी शेंडा डाव्या तळहातावर आडवा घ्यायचा, म्हणजे तो मोडत नाही, आणि नळीच्या तोंडाशी अंगठा दाबून पाण्याची धार पानाच्या मागून मारायची. पडलेल्या माव्याची सोंड बहुधा रस शोषतानाच तुटते, त्यामुळे तो परत चढत नाही. एक दिवसाआड हे करत राहायचे. ढालकिड्यांची अंडी दिसतील ती पाने सोडून द्यायची. ज्या शेंड्यावर नुसता मावाच आहे आणि खाणारे कोणी नाही, तो खुडून साबणाच्या पाण्यात बुडवायचा. वालाला शेंडा खुडण्याने नुकसान होत नाही, बगलफुटी येते.

दुसरे, मुंग्या. याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मुंग्या माव्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात, ढालकिड्यांच्या अळ्यांना चावून पळवतात आणि मावा एका शेंड्यावरून दुसऱ्यावर नेतात. मुंग्यांची वाट तोडली की मावा निराधार होतो. मांडवाच्या बांबूंना खाली कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस चोपडावे, कुंड्या पाण्याच्या परातीत विटेवर ठेवाव्यात आणि वेलाचे एकही टोक भिंतीला टेकू देऊ नये. टोक टेकले तर बाकीची सगळी मेहनत वाया, कारण मुंगी तिथूनच येते.

एवढे करूनही मावा हटला नाही तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, दुसऱ्या दिवशी फडक्यातून पिळून गाळायची आणि चिमूटभर साबणाचा चुरा किंवा रिठ्याचे पाणी घालून संध्याकाळी पानाच्या दोन्ही बाजूंना फवारायचे. निंबोळ्या आपल्याकडे पावसाच्या तोंडावर पिकतात. तेव्हाच गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. दुकानातल्या जुनाट, बुरशी लागलेल्या निंबोळीत दम नसतो. तेल वापरायचे असेल तर लिटरला पाच मिली पुरे, त्याहून जास्त घेतले की कोवळी पाने भाजतात. भांडी घासायचे लिक्विड टाळावे, त्याने वालाच्या पानांच्या कडा करपतात. काहीही मारण्याआधी चार पानांवर मारून दोन दिवस थांबणे केव्हाही चांगले.

दशपर्णी अर्काबद्दल थोडे वेगळे मत द्यावेसे वाटते. शेतात त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण त्याच्या पारंपरिक कृतीत कण्हेर असते आणि रुईही असते. ही दोन्ही झाडे माणसाला विषारी आहेत. ज्या वेलाच्या शेंगा संध्याकाळी तोडून रात्री ताटात येणार आहेत, त्यावर ती नकोत. घाणेरी, निर्गुंडी, सीताफळ, करंज, कडुनिंब एवढ्यावर भागवावे. तंबाखूचा काढा तर अजिबात नको. ‘पानच तर आहे’ असे म्हणून लोक तो मारतात, पण निकोटिन हे जालीम विष आहे. निकोटिन सल्फेटच्या वापरावर देशात बंदी आहे, ती उगाच नाही. लसूण-मिरचीच्या पाण्याने माव्यापेक्षा फवारणाऱ्याचे डोळेच जास्त चुरचुरतात.

खताचा हातही आवरावा. वाल, घेवडा, चवळी यांच्या मुळांवरच्या गाठींत नत्र स्थिर करणारे जिवाणू असतात, त्यांना वरून नत्र लागत नाही. युरिया घातलेला वेल गर्द हिरवा, लुसलुशीत होतो आणि माव्याला तोच आवडतो. वेलापासून थोड्या अंतरावर चवळीची चार झाडे मुद्दाम लावावीत. मावा चवळीवर लवकर येतो आणि त्याच्यामागे ढालकिडेही येतात. कपाशीत चवळीच्या ओळी लावायला सांगतात ते याचसाठी. बडीशेप, कोथिंबीर फुलावर येऊ द्यावी. सिरफिड माशीला आणि त्या बारीक गांधीलमाश्यांना असल्या छोट्या फुलांतला मध लागतो. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीसाठी चांगले, पण त्यांवर ढालकिडे चिकटू लागले की ताबडतोब काढावेत.

शेंगा पोखरणाऱ्या अळीला यातले बरेचसे लागू पडत नाही. दोन-तीन फुले जाळीने एकत्र चिकटलेली दिसली आणि आत विष्ठा दिसली की अळी तिथेच असते. तो झुबका तोडून टाकायचा. जास्त झाली तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, संध्याकाळी फवारावे. ते अळीच्या पोटात गेले तरच काम करते आणि माव्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, कारण मावा पान खात नाही, रस ओढतो. ‘बीटी माव्यावर पण चालतं’ असे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्याकडून काहीच घेऊ नये. पाने पिवळी-हिरवी चट्टेदार झाली तर तो बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. वेल उपटावा, त्यावर औषध नाही. लाल कोळ्यासाठी पानांच्या मागून पाणी मारत राहावे. पाण्यात विरघळणारे गंधक चालते, पण कडक उन्हात नाही आणि तेल फवारल्यावर निदान दोन आठवडे तरी नाही, नाहीतर पाने जळतात.

किडींना मारणाऱ्या व्हर्टिसिलियम, बिव्हेरिया असल्या बुरशींची औषधे घ्यायची तर कृषी विद्यापीठातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून घ्यावीत. ती जिवंत असतात. स्टॉलवर दिवसभर उन्हात तापलेल्या पाकिटात जिवंत काही उरत नाही. तयार केल्याची तारीख पाहावी, आणि हवेत ओल असेल तेव्हाच फवारावे.

फसवणूक झालीच तर तक्रार लगेच करायची, आणि इथे वेळ फार महत्त्वाची आहे. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात कीटकनाशक निरीक्षक कोण ते कळते. नमुना घेण्याचा अधिकार त्याला आहे, पण तो नमुना विक्रेत्याच्या साठ्यातून घेतला जातो, आपल्या घरच्या फोडलेल्या बाटलीतून नाही. प्रदर्शन उठल्यावर साठा कुठे जातो ते विक्रेत्यालाच माहीत. म्हणून खरेदी करतानाच बिल घ्यावे, स्टॉलचा आणि लेबलचा फोटो काढावा, आणि बिलाचे पुस्तक संपले असे कोणी म्हणाले तर पैसे खिशातून बाहेर काढू नयेत.